स्कोअर कमी आलाय, तरी अप्लाय करायचं का?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' जरा कमी केलेत.)



इनबॉक्समध्ये सध्या फिरून फिरून एकच प्रश्न येतोय. कुणी लिहितं, "दादा, कॅटला ८६ पर्सेंटाइल आले, आता काय?" कुणी विचारतं, "जीमॅट ५८५ आहे, आयएसबीला टाकू का?" आणि एकाने विचारलं, "सीईटीला ९१ आलेत, ओपनमधून जेबीआयएमएस मिळेल का?"

या शेवटच्या मित्राला आत्ताच उत्तर देतो. नाही मिळणार, भावा. सॉरी. पण तुला 'नाही' म्हणणारा मी त्या जीमॅटवालीला 'थांब, विचार करू' म्हणणार आहे. असं का, तेच आज बोलायचंय.

आधी माझं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोण शहाणा. बीटेक केलं, सहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम केलं. तेविसाव्या वर्षी कॅट दिली, ८४ पर्सेंटाइल आले. कुठूनही कॉल नाही. मग सत्ताविसाव्या वर्षी जीमॅट दिली, ५९५ आले. आता तरी सुधारेल म्हणून परत दिली, तर ५८५. म्हणजे पैसे भरून दहा मार्क कमी करून आणले.

पप्पांना फोन केला. आमचं बार्शीला किराणा दुकान आहे. पप्पांचा नेहमीचा प्रश्न, "किती पडले?" म्हटलं, "५९५." "कितीपैकी?" "८०५." गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरची बटणं वाजलेली ऐकू आली. म्हणाले, "चौऱ्याहत्तर टक्के झाले की रे! डिस्टिंक्शन एका टक्क्याने हुकलं बघ."

त्यांना कसं सांगू की पप्पा, मी ज्या शाळांचं स्वप्न बघतोय तिथल्या वर्गाची सरासरीच माझ्यापेक्षा पन्नास-साठने वर आहे. असो.

तर मुद्दा. कमी स्कोअर घेऊन अप्लाय करायचं का, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कारण सगळीकडे स्कोअरचं काम सारखं नसतं. दुकानातल्या भाषेत सांगतो. काही ठिकाणी तो चाळण असतो. दाणा बारीक असेल तर खाली पडला, विषय संपला. काही ठिकाणी तो काट्यावर ठेवलेल्या वस्तूंपैकी एक वस्तू असतो. ती हलकी असेल, तर बाकीच्या वस्तूंनी पारडं खाली आणता येतं. आपण घोळ कुठे घालतो? चाळणीसमोर निबंध लिहीत बसतो, आणि जिथे काटा आहे तिथे घाबरून फॉर्मच भरत नाही. मी हे दोन्ही करून बसलोय.

पहिली, शुद्ध चाळण. आपली महाराष्ट्राची एमबीए सीईटी. २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. पुढे कॅप राउंड. इथे एसे नाही, इंटरव्ह्यू नाही, तुमची कहाणी ऐकणारं कुणी नाही. मेरिट नंबर, कॅटेगरी, तुम्ही भरलेले ऑप्शन, आणि कॉम्प्युटर. जेबीआयएमएसला ओपनचा कटऑफ ९९.९ च्या आसपास फिरतो. तिथे ९१ वाल्याने कितीही जीव तोडून सांगितलं की माझी परिस्थिती अशी होती, तर ऐकायला खुर्चीवर कुणी बसलेलंच नाही.

मग ९१ वाल्याने काय करायचं? रडायचं नाही. सीईटी सेल मागच्या वर्षांचे कॅप राउंडचे कटऑफ जाहीर करतं. ते उघडायचे, आपल्या कॅटेगरीचा रकाना बघायचा, आणि आपल्या नंबरला खरोखर काय मिळतं त्याची यादी करायची. मग प्रत्येक कॉलेजची फी आणि प्लेसमेंट समोर ठेवून ठरवायचं की घ्यायचं, की पुढच्या वर्षी परत द्यायचं. हा हिशोब आहे, यात भावना आणू नका. आणि परत देणार असाल तर एक लक्षात ठेवा, निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. मला माहितेय तुम्हाला हे माहितेय. तरी दरवर्षी शेवटच्या पाच मिनिटांत लोक एकाच प्रश्नाशी भांडत बसतात आणि पुढचे वीस तसेच राहतात.

दुसरा प्रकार, आधी चाळण आणि मग काटा. म्हणजे कॅट आणि आयआयएम.

आधी पर्सेंटाइल म्हणजे काय ते डोक्यात फिट करा. २०२४ ला कॅटला साधारण २ लाख ९० हजार जण बसले. म्हणजे एक पर्सेंटाइल बरोबर २,९०० माणसं. ८६ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे ४० हजारांहून जास्त लोक आहेत. ९९ वाल्याच्याही पुढे २,९०० आहेत. हे ऐकून धक्का बसतो, पण बसू दे. 'फक्त तेरा पर्सेंटाइल कमी' असं जे आपण स्वतःला सांगतो ना, ते या हिशोबाने मोडतं.

याची दुसरी बाजूही आहे. पेपर साधारण २०० मार्कांचा असतो, आणि अलीकडच्या वर्षांत ९९ पर्सेंटाइलला निम्म्याच्या आसपास मार्क पुरलेत, कधी त्याहूनही कमी. एमसीक्यू बरोबर आला तर अधिक तीन, चुकला तर उणे एक. म्हणजे एक चुकलेलं उत्तर बरोबर आलं असतं तर चार मार्कांचा फरक. त्यामुळे कमी स्कोअरवाला प्रत्येक जण ढ असतो असं नाही. पुष्कळदा त्याने चुकीचे प्रश्न निवडलेले असतात. मी पहिल्या कॅटला डीआयएलआरच्या एका सेटवर १९ मिनिटं घालवली होती. चाळीस मिनिटांच्या सेक्शनमध्ये! इंजिनिअरचा इगो. 'मला येत नाही म्हणजे काय?'

आता कॉलचं बघू. बऱ्याच आयआयएमना एकूण पर्सेंटाइलसोबत प्रत्येक सेक्शनचाही कटऑफ असतो. एकूण ९५ आणि इंग्रजीत ६०, तर चाळणीतून खाली. त्यात वेबसाइटवर लिहिलेला किमान कटऑफ म्हणजे कॉलची हमी नव्हे. ती फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. त्यापुढे दहावी, बारावी, ग्रॅज्युएशनचे मार्क, कामाचा अनुभव, मुलींसाठी किंवा नॉन-इंजिनिअर मुलांसाठी काही पॉइंट, असं सगळं मिळून शॉर्टलिस्ट लागते. प्रत्येक आयआयएमचं गणित वेगळं. कुठे दहावी-बारावीला जास्त वजन, कुठे कमी. अ‍ॅडमिशन क्रायटेरियाची पीडीएफ त्यांच्याच साइटवर असते. कंटाळवाणी आहे, पण वाचा. इन्स्टाग्रामवरचा कटऑफ वाचण्यापेक्षा ते चाळीस मिनिटांचं काम हजारपट चांगलं. दहावीला ७२ टक्के असतील तर ते आता बदलता येत नाहीत. पण दहावीला कमी वजन देणाऱ्या संस्था शोधता येतात.

आणि सगळ्यात व्यवहाराची गोष्ट, तारखा. कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि निकाल डिसेंबरच्या उत्तरार्धात. पण स्नॅपचा फॉर्म नोव्हेंबरातच बंद होतो, झॅटचा साधारण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि एनमॅटचा तर त्याच्याही आधी. म्हणजे कॅटचा निकाल बघून 'आता दुसरं काहीतरी भरू' म्हणालात, तर वरातीमागून घोडं. माझं पहिल्या वेळी नेमकं हेच झालं. ८४ हातात आले तेव्हा भरण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं.

स्नॅप तुम्ही एका वर्षात तीनदा देऊ शकता आणि सगळ्यात चांगला स्कोअर धरतात. साठ मिनिटांत साठ प्रश्न, वेगाचा खेळ. एनमॅटही तीनदा देता येते, तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही. झॅटला डिसिजन मेकिंग नावाचा वेगळाच सेक्शन आहे, ज्यात फॉर्म्युला चालत नाही, समज चालते. तुमची ताकद कशात आहे त्यानुसार निवडा. कॅटला पडलेला माणूस स्नॅपला चमकतो, हे आमच्याच फ्लॅटमध्ये झालंय. माझा रूममेट. वेग प्रचंड, खोल विचार शून्य. प्रेमाने बोलतोय, ऐकत असेल तो.

आता तिसरा प्रकार, जिथे मुख्यतः काटा आहे. आयएसबीचा पीजीपी, आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगळूरचा ईपीजीपी, कलकत्त्याचा एमबीएईएक्स, आणि बाहेरच्या बहुतेक बी-स्कूल. इथे जीमॅट किंवा जीआरई चालते. आयआयएमच्या या तीन कोर्सना तर चार-पाच वर्षांचा अनुभव असलेली मंडळीच घेतात. इथे तुमचा फॉर्म माणूस वाचतो. एसे, मॅनेजरचं रेकमेंडेशन, काम, इंटरव्ह्यू, सगळं एकत्र तोलतात.

पण थांबा. लगेच 'चला, आपलं जमलं' म्हणू नका. शाळा आपल्या वर्गाच्या स्कोअरची रेंज जाहीर करतात, आणि त्या रेंजच्या खालच्या टोकाकडे बघून आपण खूश होतो. बघा, कमी स्कोअरवालेही घेतलेत! घेतलेत, पण कोण ते विचारा. कुणी लष्करातून आलेलं असतं, कुणी डॉक्टर, कुणी स्वतःचा कारखाना चालवलेला. आपण कोण? भारतीय, पुरुष, इंजिनिअर, आयटीवाला. त्या ढिगात आपल्यासारखे हजारो आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा स्कोअर आपल्यापेक्षा वर आहे. हे कडू आहे, पण हे गिळल्याशिवाय पुढचं काही नीट होत नाही.

मग पहिला निर्णय, परत परीक्षा द्यायची की आहे त्या स्कोअरवर फॉर्म भरायचा? जीमॅटला सोळा दिवसांच्या अंतराने, वर्षभरात पाच वेळा बसता येतं. स्कोअर पाच वर्षं चालतो. कुठला स्कोअर पाठवायचा ते तुम्ही निकाल बघून ठरवता. म्हणजे परत द्यायला दार उघडंच आहे, म्हणूनच मोह होतो. यावर माझा एक साधा नियम आहे, दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे घालवून शिकलेला. शेवटच्या चार-पाच मॉकची सरासरी काढा. मॉकमध्ये ६५० च्या आसपास येत होते आणि त्या दिवशी ५९५ आले, तर परत द्या, तो दिवस खराब होता. पण मॉकमध्येही ५८५ ते ६०५ च येत असतील, तर ५९५ हा अपघात नाही, तोच तुमचा आजचा स्कोअर आहे. अभ्यासाची पद्धत न बदलता परत दिलात तर तेच येणार. माझं तेच झालं. मी म्हणायचो, 'अजून एकदा बघू.' 'बघू' हा प्लॅन नसतो. एका प्रयत्नाला वीस हजारांच्या वर जातात. बार्शीच्या दुकानात तेवढे सुटायला किती पोती साखर विकावी लागते ते मला माहितेय.

दुसरं, स्कोअर कमी म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात नेमकी कुठली शंका येते, ते ओळखा. त्याला तुमचा राग आलेला नसतो. त्याला एवढंच वाटतं की हा मुलगा पहिल्या टर्ममध्ये टिकेल का? अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स एकदम अंगावर येतं. रोज केस वाचायच्या, वर्गात बोलायचं. तर क्वांट कमी असेल तर शंका एक, व्हर्बल कमी असेल तर शंका दुसरी. उत्तरही वेगळं द्यावं लागतं.

क्वांट कमी असेल तर आकड्यांचा पुरावा द्या. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे स्टॅटिस्टिक्सचे, अकाउंटिंगचे कोर्स आहेत. शिकायला फुकट, परीक्षेची फी थोडीशी, आणि ती परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, सर्टिफिकेटवर मार्क छापून येतात. नुसतं व्हिडिओ पळवून मिळवलेल्या सर्टिफिकेटपेक्षा याला वजन आहे. इंजिनिअरिंगला मॅथ्सला चांगले मार्क असतील तर तेही दाखवा.

माझं दुखणं व्हर्बलचं होतं. दहावीपर्यंत मराठी मीडियम. लांब पॅसेज आला की तिसऱ्या ओळीला मन बाहेर. आणि याला सर्टिफिकेट नसतं. इथे तुमचा एसे हाच पुरावा असतो. स्वच्छ, सोपं, आपलं लिहिलेलं. मी पहिला एसे लिहिला तो ऑफिसमधल्या एका सीनियर ताईंना दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "हे छान आहे रे, पण यात तू कुठे आहेस? हे तर कुणीही लिहिलं असतं." खरं होतं. लीडरशिप, इम्पॅक्ट, मायक्रोसर्व्हिसेस, सगळे जड शब्द भरलेले.

मग त्यांनी विचारलं, "सहा वर्षांत असं काय केलंस, जे तू नसतास तर झालं नसतं?" दोन दिवस काही सुचलं नाही. मग आठवलं, भिवंडीचं गोडाऊन. आम्ही औषधांच्या एका डिस्ट्रिब्युटरसाठी अ‍ॅप बनवलं होतं, एक्स्पायरी झालेला माल परत घ्यायचं. अ‍ॅप चालायचं, पण कामगार वापरायचे नाहीत. सगळे म्हणाले, त्यांना ट्रेनिंग द्या. मी चार दिवस तिथे जाऊन बसलो. आमच्या स्क्रीनवर अकरा रकाने होते. एका हातात खोका, दुसऱ्या हातात फोन, अकरा रकाने कोण भरणार? ते लोक वहीत लिहायचे आणि रात्री एक जण सगळं अ‍ॅपमध्ये चढवायचा. परत येऊन भांडलो, रकाने तीनवर आणले, बाकीचं बारकोडवरून उचललं. वही बंद झाली. बस, एवढीच गोष्ट. मोठी नाही. पण ती माझी होती. मला एकच अ‍ॅडमिट मिळाली, आणि तिथल्या इंटरव्ह्यूत वीसेक मिनिटं याच वहीवर बोलणं झालं.

तिसरं, स्कोअरबद्दल स्वतःहून काही लिहायचं का? बऱ्याच फॉर्ममध्ये एक ऑप्शनल एसे असतो. तिथे लिहायचं तर चार-पाच ओळी. हे आलं, यातला हा भाग कमी आहे, यावर मी हे केलं, आणि मला वर्गात जमेल याचा हा पुरावा. संपलं. तिथे ताप आला होता, सेंटरला एसी बंद होता, ब्रेकअप झालं होतं, हे लिहू नका. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि लिहिण्यासारखा पुरावा नसेल तर ती जागा रिकामी सोडा.

इंटरव्ह्यूलाही तेच. माझे दोन झाले. पहिल्यात विचारलं, "व्हर्बल एवढा कमी का?" मी म्हणालो, त्या वेळी प्रोजेक्टची रिलीज होती, झोप झाली नव्हती. समोरचे सर हसले आणि म्हणाले, "आणि दुसऱ्या वेळी?" मी गप्प. तिथून रिजेक्ट आला. दुसरीकडे तोच प्रश्न आला तेव्हा सांगितलं, मराठी मीडियमचा आहे, माझं वाचन हळू आहे, वेळेच्या दबावात जास्तच हळू होतं. आठ महिने झाले, रोज इंग्रजी पेपरातला एक लांब लेख वाचून पाच ओळीत सारांश लिहितोय, पूर्वी पाऊण तास लागायचा, आता पंचवीस मिनिटं लागतात. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. विषय तिथेच संपला. खरं सांगितलं की माणूस उगाच खोदत बसत नाही.

आता निकाल. चार ठिकाणी फॉर्म भरले. दोघांनी इंटरव्ह्यूलाही बोलावलं नाही. एकाने इंटरव्ह्यूनंतर नाही म्हटलं. एकाने वेटलिस्टवर ठेवलं आणि सात आठवड्यांनी घेतलं. सध्या मी नोटीस पिरियडवर आहे. एक वर्षाचा कोर्स आहे.

टाळ्या नकोत, पुढचं ऐका. स्कॉलरशिप किती? शून्य. माझ्यासोबत ज्यांना घेतलं, त्यातल्या चांगल्या स्कोअरवाल्या काहींना फीमध्ये मोठी सूट आहे. मला एक रुपया नाही. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, म्हणून तुम्हाला सांगतोय. बऱ्याच ठिकाणी कमी स्कोअरची किंमत अ‍ॅडमिशनमध्ये नाही, तर फीमध्ये वसूल होते. त्यामुळे परत परीक्षा देण्याचा हिशोब करताना ही रक्कमही धरा. मॉक खरोखर वर जात असतील, तर तीन महिने जास्त अभ्यास करून काही लाख वाचू शकतात.

कर्जाचंही सांगतो. स्टेट बँकेची स्कॉलर लोन नावाची योजना आहे, त्यात संस्थांची यादी असते. यादीतल्या संस्थांसाठी ठरावीक रकमेपर्यंत तारण लागत नाही. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे बघाच. कारण घर किंवा दुकान गहाण ठेवून मध्यम कॉलेजात जायचं, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. प्लेसमेंटचा आकडा बघताना अ‍ॅव्हरेज बघू नका, मीडियन बघा. एकाला परदेशात मोठं पॅकेज मिळालं की अ‍ॅव्हरेज फुगतो. रिपोर्ट बाहेरच्या ऑडिटरने तपासलेला आहे का तेही विचारा.

हे इतकं ठासून का सांगतोय? कारण ८४ पर्सेंटाइल आले त्या वर्षी एका क्लासच्या काउन्सेलरने मला फोन केला होता. "सीट आहे, दोन दिवसांत बारा लाख भरायची तयारी ठेवा, नंतर मिळणार नाही." मी पप्पांना विचारलं. पप्पा एका शब्दाने काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन एफडी मोडायची चौकशी करून आले. मला आईकडून कळलं. त्या रात्री मी पहिल्यांदा त्या कॉलेजचा प्लेसमेंट रिपोर्ट शोधायला बसलो. ऑडिट केलेला रिपोर्ट नव्हताच. होते ते हसऱ्या मुलांचे फोटो. सकाळी फोन करून नको म्हणालो. कमी स्कोअर आल्यावर आपण घाबरलेले असतो, आणि घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं. जो कुणी 'स्कोअर कमी असला तरी गॅरंटी अ‍ॅडमिशन' म्हणेल, तो कॉलेज विकत नाहीये, तुमची भीती विकतोय. जो तुमचा एसे लिहून देतो म्हणेल, त्यालाही हात जोडा. इंटरव्ह्यूत त्या एसेवर प्रश्न येतात आणि उत्तर द्यायला तो येत नाही.

तर थोडक्यात उजळणी. समोर फक्त चाळण असेल तर निबंध नको, कटऑफचा रकाना बघा आणि शांतपणे ठरवा. चाळण आणि काटा दोन्ही असेल तर क्रायटेरिया वाचा, आणि बाकीच्या परीक्षांचे फॉर्म निकालाआधी भरा. काटा असेल तर स्कोअरने उभी केलेली शंका ओळखा, तिला पुराव्याने उत्तर द्या, आणि एक-दोन ठिकाणी आवाक्याबाहेरचं वाटलं तरी फॉर्म टाका. पण सगळेच फॉर्म आवाक्याबाहेरचे नकोत.

आणि एक वर्ष थांबायची वेळ आली तर थांबा. ८४ नंतर मी थांबलो, म्हणून भिवंडीची वही सापडली.

अ‍ॅडमिटचा मेल आला तेव्हा पप्पांना फोन केला. सगळं सांगितलं, फी पण सांगितली. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. आणि तिथे परीक्षा असतात ना? किती पडले ते सांगत जा."

चला, आज एवढंच. तुमचा स्कोअर आणि तुमचा हिशोब मेसेज करा, जमेल तसं उत्तर देईन. नोटीस पिरियड आहे, वेळ आहे. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.